गेले आणि गेलेत

‘युरेका’चा अर्थ विचारला तर शाळेतलं कुठलंही पोर सांगेल: ‘सापडलं!’ आर्किमिडीज, पाण्याने भरलेला टब, राजाचा मुकुट आणि अंगावर कपडा नाही याचं भान न राहता घराकडे पळत सुटलेला माणूस. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रूव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदामुळे. त्याने ती लिहिली तेव्हा आर्किमिडीजच्या मृत्यूला (इ.स.पू. २१२) जवळपास दोनशे वर्षं होत आली होती. त्यामुळे टबाचं खरंखोटं देव जाणे. पण व्हिट्रूव्हियसने तो शब्द मात्र ग्रीकमध्येच ठेवला: हेउरेका.

गंमत अशी की ‘सापडलं’ म्हणायला ग्रीकमध्ये वेगळं रूप आहे. ‘हेउरोन’. मला सापडलं; घटना घडली, संपली. आर्किमिडीज ते ओरडत नव्हता. ‘हेउरेका’ म्हणजे ‘सापडलंय’. शोधणं संपलंय, आणि जे सापडलं ते आत्ता, या क्षणी, माझ्यापाशी आहे.

सापडलं आणि सापडलंय. एका ‘य’चा फरक. हा लेख त्या ‘य’बद्दल आहे.

मी प्राचीन ग्रीक शिकायला लागलो त्यामागे काही थोर कारण नव्हतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये रोज दीड तास जातो. रील्स बघून डोकं बधिर झालं होतं. फोनवर एका जुन्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ होती, ती उघडली. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. त्याचा याच्याशी संबंध आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिले काही आठवडे लिपीत गेले. मग क्रियापदं आली. ग्रीक क्रियापद म्हणजे एक कुटुंबच असतं, आणि त्यातला सगळ्यात विचित्र नातेवाईक म्हणजे परफेक्ट. आपल्या व्याकरणाच्या भाषेत पूर्णकाळ. तो बनवायची रीत अशी: क्रियापदाचं पहिलं व्यंजन घ्यायचं, त्याला ‘ए’ लावायचा, आणि ते शब्दाच्या पुढे पुन्हा एकदा ठेवायचं. ‘लुओ’ म्हणजे मी सोडतो. त्याचं ‘लेलुका’. ‘ग्राफो’ म्हणजे मी लिहितो. त्याचं ‘गेग्राफा’. काही क्रियापदांत मागे ‘क’ येतो, काहींत येत नाही. शब्दाची सुरुवात स्वराने असेल तर दुप्पट करायला व्यंजनच नसतं, म्हणून ‘हेउरेका’त ही पुनरावृत्ती दिसत नाही. पण बहुतेक ठिकाणी ती दिसते, आणि ऐकायला शब्द अडखळल्यासारखा वाटतो. ले-लुका. गे-ग्राफा. जणू बोलणाऱ्याने एकदा सुरुवात केली, थांबला, आणि मग खात्री करून पुन्हा म्हणाला.

बसमध्ये हे तक्ते घोकताना मला एकदम ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. ग्रीकमध्ये ‘डेर्क’ असा एक बघण्याचा धातू आहे. त्याचा परफेक्ट ‘देदोर्का’. आता हे मोठ्याने म्हणा, आणि त्यानंतर संस्कृतमधलं ‘ददर्श’ म्हणा.

धातू तोच, दृश्. पुनरावृत्ती तीच. ग्रीकमध्ये जिथे ए आणि ओ आहेत तिथे संस्कृतात दोन्हीचा ‘अ’ झालाय, एवढंच. ‘गेगोना’ म्हणजे मी जन्मलोय, आणि संस्कृतात जन् धातूचं ‘जजान’. ‘लेलोइपा’ म्हणजे मी सोडून गेलोय, आणि इकडे रिच् धातूचं ‘रिरेच’. याच रिच् पासून ‘रिक्त’ आणि त्यातून आपला ‘रिता’. दोन हजार वर्षं जुनी पीडीएफ नव्हती ती, पण दोन हजार वर्षांहून जुना भाऊ त्यात भेटला.

हे साम्य किती खोल आहे याचं एक उदाहरण सांगतो. ख, घ, थ, ध, फ, भ ही आपली ‘ह’ मिसळलेली महाप्राण व्यंजनं. भू धातूची पुनरावृत्ती केली तर ‘भभूव’ व्हायला हवं, पण होतं ‘बभूव’. धा चं ‘धधौ’ नाही, ‘दधौ’. ग्रीकमध्येही नेमकं तेच: ‘थ्ने’ची पुनरावृत्ती ‘थेथ्ने’ नाही, ‘तेथ्ने’. दोन महाप्राण लागोपाठ आले की पहिल्यातला श्वास काढून घ्यायचा. हा नियम १८६३ साली हेर्मान ग्रासमन या जर्मन शाळामास्तराने मांडला. याच माणसाचं गणितातलं काम आज लिनिअर अल्जेब्रात वापरतात, आणि याच माणसाने ऋग्वेदाचा कोशही केला. मला हा मास्तर फार आवडतो. बाबाही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

संस्कृतमधलं हे रूप म्हणजे लिट् लकार. दहावीपर्यंत लट्, लङ्, लोट् असं काय काय शिकवतात. लिट् पाठ करावा लागत नाही म्हणून आपण खूश असतो. पण तो आपल्या कानावर असतोच. गीतेत पानोपानी येणारं ‘उवाच’ हे वच् धातूचं लिट् रूप. ‘इतिहास’ हा शब्द फोडला तर ‘इति ह आस’, म्हणजे ‘असं असं झालं’. त्यातलं ‘आस’ हे अस् धातूचं लिट् रूप. बघा, शाळेतल्या एका अख्ख्या विषयाच्या नावात लिट् लपून बसलाय.

आता अर्थाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

जुन्या ग्रीकमध्ये, विशेषतः होमरच्या भाषेत, हे रूप घडून गेलेली घटना सांगत नाही. घटनेने जी अवस्था मागे ठेवली, ती सांगतं. आणि अवस्था नेहमी आत्ताची असते. ‘हेस्तेका’ हा ‘उभं करणे’ या क्रियापदाचा परफेक्ट, पण त्याचा अर्थ सरळ ‘मी उभा आहे’. ‘गेग्राप्ताई’ म्हणजे ‘ते लिहिलेलं आहे’: कोणी, कधी लिहिलं ते बाजूला राहू दे, अक्षरं आत्ता इथे आहेत.

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे समजवायला पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला एक वाक्य पुरे. ‘तो बसलाय.’ बसण्याची क्रिया कधीच संपली. तो आत्ता खुर्चीत आहे. ‘बाळ झोपलंय.’ ‘मला भूक लागलीये.’ ‘मी थकलोय.’ यातलं एकही वाक्य भूतकाळाबद्दल नाही. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात या काळाचं नावच ‘पूर्ण वर्तमानकाळ’ आहे. शाळेत ते नाव विरोधाभासी वाटायचं; पूर्ण झालं तर वर्तमान कसं? ग्रीक शिकताना कळलं की नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवलंय.

आणि मग पीडीएफच्या तक्त्यात ‘मरणे’ हे क्रियापद आलं.

‘आपोथ्नेस्केई’: तो मरतो आहे, मरणाच्या वाटेवर आहे. ‘आपेथाने’: तो मेला. ‘तेथ्नेके’: तो मेलेला आहे.

तिसऱ्या रूपाकडे नीट बघा. पहिल्या दोन्हींच्या पुढे ‘आपो’ आहे. आपो म्हणजे ‘पासून, दूर’. ग्रीक गद्यात मरणारा माणूस दूर जात असतो, मेला तोही दूर गेला. पण परफेक्टमध्ये साधारणपणे हा ‘आपो’ गळून पडतो. मेलेला असणारा कुठे जात नाही. तो नुसता त्या अवस्थेत असतो, आपण उभे असतो किंवा बसलेले असतो तसा.

बस वाकडच्या पुलाखाली अडकली होती. मी त्या तीन ओळी परत परत वाचत होतो.

बाबा कराडच्या घरी गेले. दवाखान्यातून घरी आणून सहा दिवस झाले होते, आणि आता फार दिवस नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. मी शनिवार-रविवार राहून सोमवारी पुण्याला परतलो होतो. आई पलंगाशेजारी खुर्ची टाकून रात्रभर जागी असायची. बुधवारी पहाटे तिचा दहा-पंधरा मिनिटं डोळा लागला. जाग आली तेव्हा बाबा नव्हते. फोनवर ती एवढंच म्हणाली, “अरे, बाबा गेले.” आणि मग, “मला कळलंच नाही रे, कधी गेले ते.”

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे सांगितलं. आत्याला, शेजारच्या काकूंना, बाबांच्या शाळेतल्या जुन्या शिपाईमामांना. “मी इथेच होते. इथेच. पण कळलंच नाही.” लोक समजूत घालायचे, म्हणायचे, बरंच झालं, झोपेत गेले. ती मान हलवायची आणि पुढच्या माणसाला परत तेच सांगायची.

लिट् लकाराचं पुढे काय झालं ते मी नंतर वाचलं, आणि वाचता वाचता मला आईची आठवण झाली. ऋग्वेदाच्या भाषेत हे रूप ग्रीकसारखंच पुष्कळदा आत्ताची अवस्था सांगतं. ‘बिभाय’ म्हणजे ‘तो घाबरलाय’. पण पुढे इकडची वाट बदलली. पाणिनीच्या काळापर्यंत लिट् हा परोक्ष भूतकाळ झाला. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेली घटना. आजच्या मराठीत आपण हे काम ‘म्हणे’ या एका शब्दावर भागवतो: एक राजा होता म्हणे.

एकच जुनं रूप. ग्रीकांनी ते ‘आत्ता असं आहे’ म्हणण्यासाठी ठेवलं. आपल्याकडे ते ‘मी पाहिलं नाही’ म्हणण्यासाठी राहिलं.

या नियमातून एक गमतीदार अडचण निघते. परोक्ष असेल तरच लिट्, मग ‘मी’बरोबर लिट् कसा चालेल? मी केलेली गोष्ट माझ्याच डोळ्यांआड कशी असेल? वैयाकरणांनी यावर उत्तर दिलंय: झोपेत किंवा नशेत असेल तर. झोपेत मी बडबडलो म्हणे, असं माणूस स्वतःबद्दल म्हणू शकतो. पतंजलीच्या महाभाष्यात तर याच्याही पुढचं उदाहरण येतं. शाकटायन नावाचा वैयाकरण रथांच्या रस्त्यावर बसला होता, समोरून गाड्यांचा अख्खा तांडा गेला, आणि त्याला तो दिसला नाही. जागा होता. डोळे उघडे होते. पण मन तिथे नव्हतं. पतंजलीचा मुद्दा असा की डोळे एकटे बघत नाहीत. मन जोडलेलं असेल तरच समोरची गोष्ट प्रत्यक्ष होते.

सहा रात्री जागलेली माझी आई पलंगापासून हातभर अंतरावर होती. तांडा समोरून गेला. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून ठरवलं होतं की अशा माणसालाही ‘मी पाहिलं नाही’ असं म्हणायचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यासाठी भाषेत एक रूप राखून ठेवलेलं आहे. त्यात दोषाचा लवलेश नाही. तो व्याकरणाचा नियम आहे. हे वाचल्यावर मला खूप हलकं वाटलं. आईला मी हे पाणिनी-पतंजली न काढता सांगितलं. ती म्हणाली, “गाड्यांचा तांडा? अख्खा?” आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

पण परोक्ष भूतकाळ फक्त त्या पहाटेपुरता. त्यानंतरच्या दिवसांना तो पुरत नाही. तिथे तेथ्नेके लागतं.

‘ओडिसी’ सुरू होते तेव्हा टेलेमाकस हा विशीतला मुलगा आहे. तो तान्हा असताना बाप लढाईवर गेला, वीस वर्षं झाली, परत आलेला नाही. दुसऱ्या भागात तो बापाबद्दल म्हणतो की तो कुठेतरी आहे. जगतो आहे किंवा मेलेला आहे. जगण्यासाठी होमर साधं वर्तमानकाळी क्रियापद वापरतो, ‘झोएई’. आणि त्याच्या जोडीला ‘तेथ्नेके’. हे दोन शब्द तराजूच्या दोन पारड्यांत बसतात, कारण दोन्ही आत्ताचे आहेत. बाप कधी मेला, कसा मेला, हा प्रश्नच नाही. आज तो कोणत्या अवस्थेत आहे, हा आहे. कारण त्यावर सगळं अडलंय: घराचा मालक कोण, आईने दुसरं लग्न करायचं का, वाड्यात बसून खाणाऱ्या लोकांना कोणत्या तोंडाने हाकलायचं. अथेना देवी त्याला अगदी व्यवहारी सल्ला देते. जा, चौकशी कर. जिवंत आहे असं कळलं तर अजून वर्षभर कळ काढ. मेलेला आहे असं कळलं तर परत ये, मातीचा उंचवटा रच, विधी कर.

हे वाचताना मला नोव्हेंबर आठवला. निवृत्त मास्तरांच्या घरात नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. बाबा दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे आणि यादीत स्वतःच्या नावासमोर सही करून यायचे. माणूस आत्ता जिवंत आहे, एवढंच त्या कागदाला हवं असतं. झोएई. ते गेल्यावर दुसरा कागद आला, मृत्यूचा दाखला. त्यावर तारीख होती, तो आपेथाने. पण तेथ्नेकेचा कागद कोणी देत नाही. तो आपणच रोज भरत असतो. गॅस एजन्सीच्या फोनवर. ‘नॉमिनी’च्या रकान्यात. मतदार यादी घेऊन आलेल्या माणसासमोर दारात.

एकदा मी घरी असताना कोणाचा तरी फोन आला, “सर आहेत का?” आई सवयीने म्हणाली, “नाही, ते गेलेत.” पलीकडून विचारलं, “बरं, कधी येतील?” मराठीची ही अडचण आहेच. बाबा बाजारात गेलेत, बाबा फिरायला गेलेत. ‘गेलेत’ एवढंच सांगतं की या घडीला ते घरात नाहीत. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “म्हणजे, वारले ते. गेल्या वर्षी.” तारीख आली तसं वाक्य ‘गेले’वर परत आलं.

(विदर्भातले माझे मित्र ‘काल गेलेत’ असंही सहज म्हणतात. हा फरक आमच्या कराडकडच्या मराठीतला. पण आपापल्या मराठीत प्रत्येकाकडे तो कुठे ना कुठे असतोच.)

मला वाटतं, एखाद्याच्या जाण्यानंतर आपण फार काळ ‘गेले’पाशी अडकून राहतो. त्या पहाटेपाशी. कोण जवळ होतं, किती वाजले होते, शेवटचं काय बोलले. ती घटना पुन्हा पुन्हा पाहायचा प्रयत्न करतो, आणि ती तर बहुतेकांच्या डोळ्यांआडच घडलेली असते. ‘गेलेत’कडे यायला वेळ लागतो. ‘गेले’ एकदाच होतं. ‘गेलेत’ रोज असतं, सोमवारीही असतं, सुट्टीच्या दिवशीही असतं. त्यात राहायला शिकावं लागतं. त्यात चहा प्यावा लागतो, बस पकडावी लागते.

ग्रीकमध्ये ‘मला माहीत आहे’ यासाठी शब्द आहे ‘ओइदा’. दिसायला साधं वर्तमानकाळी क्रियापद, पण आतून तो परफेक्ट आहे, आणि त्याचा धातू बघण्याचा आहे. मी पाहिलंय, म्हणून मला माहीत आहे. यात पुनरावृत्ती नाही, आणि संस्कृतातल्या त्याच्या जुळ्या रूपातही नाही. ते रूप म्हणजे ‘वेद’. ग्रंथाचं नाव आपण ऐकतो, पण ‘वेद’ हे क्रियापदही आहे: ‘अहं वेद’, मी जाणतो. विद्, विद्या, विद्वान, सगळे त्या घरचे. या शब्दाने मला बराच काळ छळलं. पाहिलं तरच माहीत, असं असेल तर मला आणि आईला काय माहीत आहे?

त्यावरही तोडगा ग्रीकमध्येच मिळाला, आणि तोही परफेक्टच. ‘मिम्नेस्को’ म्हणजे आठवण करून देणे. त्याचा परफेक्ट ‘मेम्नेमाई’. शब्दशः, मला आठवण करून दिली गेलीये आणि मी त्या अवस्थेत आहे. रोजच्या अर्थाने, मला आठवतंय. त्यातला ‘म्ने’ आणि आपलं ‘मन’ एकाच जुन्या मुळातले. ओइदाला डोळ्यांनी पाहिलेलं लागतं. मेम्नेमाईला त्या पहाटेचा साक्षीदार लागत नाही. बाकीचे सगळे दिवस पाहिलेले असले तरी चालतं.

ही जुनी रूपं आता दोन्हीकडे बोलण्यात नाहीत. प्राकृतांपर्यंत येता येता लिट् जवळपास संपला. ग्रीकमध्येही पुनरावृत्तीचा परफेक्ट हळूहळू साध्या भूतकाळात मिसळून गेला. पण गरज संपली नव्हती, म्हणून दोघांनीही नवा बांधला. आजचे ग्रीक लोक त्यासाठी ‘माझ्याकडे असणे’ या अर्थाचं क्रियापद जोडतात. आपण ‘आहे’ जोडतो. गेले आहेत. बोलताना त्या ‘आहे’चा एक तुकडाच उरतो, ‘गेलेत’मधला शेवटचा ‘त’. नसलेल्या माणसाबद्दलच्या वाक्यात आपण ‘आहेत’ म्हणतो, आणि कोणालाच त्यात काही खटकत नाही.

गेल्या नोव्हेंबरात आईला घेऊन मी बँकेत गेलो. कुटुंब निवृत्तिवेतनाची यादी वेगळी असते. तिने चष्मा लावला, बोटाने ओळी मोजत स्वतःचं नाव शोधलं आणि सही केली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “काकू, बरोबर कोण आलंय?”

“मुलगा आलाय,” आई म्हणाली.